चावी कुणाच्याही हातात असो, इंजिनाची वही आपल्या हातात हवी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कवठे महांकाळ, ढालगाव, नागज, शिरढोण, कुची, जिथं कुठं तुम्ही ऐकत असाल तिथून जरा कान इकडं द्या. शेडवर बेदाणा निवडत असाल तर हात चालू ठेवा, नुसतं ऐका.

आज बोलायचंय पिकअपबद्दल. आता पुष्कळ गटांनी, पुष्कळ घरांनी कर्ज काढून पिकअप घेतली आहे. द्राक्षं न्यायला, बेदाणा तासगावच्या नाहीतर सांगलीच्या बाजारात पोचवायला, चारा आणायला, लग्नसराईत भाडं मारायला. कर्जाच्या कागदावर सही बाईची असते. हप्ता बाईच्या खात्यातून जातो. पण गाडी बिघडली की आपल्याला सांगितलं जातं, "तुम्हाला नाही कळायचं, इंजिनाचं काम निघालंय, पैसे काढा." आणि आपण पैसे काढतो. काय बिघडलं, का बिघडलं, आधी कळलं असतं का, हे विचारायचं राहून जातं.

इंजिन ही काही पुरुषांची भाषा नाही, मैत्रिणींनो. आपल्या आयांनी, सासवांनी विहिरीवरची डिझेल इंजिनं सांभाळली आहेत. हँडल मारून चालू केली आहेत, आवाजावरून ओळखलंय की पाणी तुटलं की डिझेल संपलं. आपल्याच जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांची कंपनी काढली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यातही डिझेल इंजिनं बनली. तेव्हा हे यंत्र आपल्या भागाला परकं नाही. त्याच्यावर टर्बो आणि कॉम्प्युटर बसला, एवढंच.

आधी समजून घेऊ, ते चालतं कसं

सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचा बुडखा गरम होतो, हे तुम्ही हातानं अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हेच होतं. पिस्टन वर येतो आणि सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबतो. ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगीचा प्लग इथं नसतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं असं इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवलं, म्हणून त्याचं नाव इंजिनालाही पडलं आणि तेलालाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. सगळा खेळ हवा नीट दाबली जाण्यावर आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा लायनर झिजला की हवा खाली निसटते, दाब कमी पडतो, डिझेल नीट जळत नाही. मग मेकॅनिक म्हणतो, "कॉम्प्रेशन गेलं." तिथून पुढं मोठा खर्च. म्हणजे आपलं काम काय? झीज होऊ न देणं. त्यासाठी इंजिनाच्या चार गरजा सांभाळायच्या: स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, चांगलं ऑइल आणि नीट पाणी.

पहिली गरज, हवा

एक लिटर डिझेल जाळायला इंजिनाला दहा हजार लिटरहून जास्त हवा लागते. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा, एका लिटरला! आणि आपल्याकडं ती हवा कसली? बागेत जाणारा कच्चा रस्ता, समोरच्या गाडीचा फुफाटा. ही धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती इंजिनात गेली की रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये जात्यातल्यासारखी भरडत राहते.

तिला अडवणारा एकच राखणदार आहे, एअर फिल्टर. कच्च्या रस्त्यावर फिरणारी गाडी असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीची वाट पाहू नका, हंगामात दर आठवड्याला तो काढून बघा. हलक्या हातानं ठोकून धूळ झाडा. हवेनं साफ करायचा असेल तर दाब कमी ठेवा आणि आतून बाहेर मारा. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात आणखी घुसते. कागदाचा फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. साफ झाल्यावर आत मोबाईलची बॅटरी लावून बाहेरून बघा. कुठं टाचणीएवढा जरी उजेड थेट दिसला तरी तो फिल्टर टाकून द्या.

आता जे कुणी बघत नाही ते बघा. फिल्टरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप. त्याची क्लिप सैल असेल किंवा पाइपाला चीर असेल तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ बाजूनं आत जाते. इंजिन बंद असताना पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर समजा, चोर मागच्या दारानं येतोय.

दुसरी गरज, डिझेल

डिझेलचा शत्रू पाणी. पिंपात साठवलेलं डिझेल, उघडी झाकणं, पावसाळ्यातली दमट हवा. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की थंडीत आतल्या हवेतला ओलावा थेंब होऊन खाली जमतो. म्हणून गाडी मुक्कामी लावताना टाकी शक्यतो भरलेली असावी.

हे थेंब एवढे वाईट का? आजच्या इंजिनात पंप आणि नोझल यांच्या भागांमधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढी बारीक असते. त्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी गेलं की वंगण तुटतं, गंज धरतो, नोझल ठिबकायला लागतं. रॉकेल मिसळलं तरी वंगण कमी होतं. चार पैसे वाचवायला मिसळायचं आणि पंपाला हजारो घालवायचे, हा कसला हिशोब? शिवाय ते बेकायदा आहेच.

डिझेल फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायची चावी असते. कशी उघडायची ते एकदा मेकॅनिककडून हातानं शिकून घ्या. काचेच्या भांड्यात थोडं काढा. पाणी जड, ते खाली बसतं, डिझेल वर राहतं, लगेच दिसतं. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी काढा. फिल्टर ठरल्या किलोमीटरला बदला आणि बिलासकट चांगल्या दुकानातून घ्या.

इथं एक धोक्याची सूचना, ती नीट ऐका. जुन्या इंजिनात लाइनमध्ये हवा धरली की नोझलच्या पाइपाचा नट सैल करून सेल्फ मारत आणि हवा काढत. नव्या, कॉमन रेल इंजिनात हे कधीही करायचं नाही आणि कुणाला करू द्यायचं नाही. गाडीच्या टायरात पन्नास-साठ पौंड हवा असते. या पाइपांत वीस हजार पौंडांच्या वर दाब चढू शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत तेल पसरतं आणि बोट, हात गमवायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की दाबाचं डिझेल आत गेलंय.

मग हवा काढायची कशी? फिल्टरजवळ हातपंप असतो, तो कडक होईपर्यंत दाबायचा आणि मग सेल्फ मारायचा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात. आणि टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवायची नाही, म्हणजे ही वेळच येत नाही.

तिसरी गरज, ऑइल

सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन थंड. पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली असेल तर धोका, वरच्या खुणेवर असेल तरी धोका.

डिझेल इंजिनाचं ऑइल लवकर काळं पडतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते दोन गोष्टींना. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. आणि न घालता ऑइलची पातळी वाढत असेल, डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. दोन्ही वेळी गाडी लांब न्यायची नाही.

टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं, नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून गाडी चालू केल्याबरोबर रेस मारायची नाही, अर्धा मिनिट तशीच चालू द्या. आणि भरलेली गाडी चढ चढून आली की लगेच बंद करायची नाही. मिनिट-दोन मिनिटं रिकामी चालू ठेवा, टर्बो निवू द्या. ड्रायव्हर घरचा असो की पगारी, ही सवय लावून घ्या. खर्च शून्य.

ऑइलचा लाल दिवा चालताना लागला तर तिथंच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या गॅरेजपर्यंत जाईल" हे वाक्य ऐकायचं नाही. त्या एक-दोन किलोमीटरमध्ये बेअरिंग जळतं, आणि क्रँक खराब झाला तर अख्खं इंजिन उतरवायला लागतं.

चौथी गरज, पाणी

आपल्या बोअरचं पाणी हंड्याला आणि नळाला कसा पांढरा थर धरतं, ते तुम्हाला मी काय सांगू. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातलं की तसाच थर आत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून कूलंट, आणि त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. प्रमाण पुस्तिकेत असेल ते. वाटेत नाइलाजानं साधं पाणी घातलं असेल तर वहीत लिहा आणि नंतर काढून नीट भरून घ्या.

रेडिएटरच्या जाळीत माती, काडीकचरा, किडे अडकतात. थंड असताना हलक्या धारेनं, इंजिनाकडच्या बाजूनं बाहेर असं धुवा. फॅनच्या पट्ट्याला चिरा आहेत का बघा. हा पट्टा काही शेकड्यांत येतो. तो तुटला आणि गाडी तशीच ताणली तर हेड वाकतं, गास्केट जातं, आणि खर्च हजारांत पोचतो.

काटा वर चढू लागला तर गाडी सावलीला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. पूर्ण निवू द्या, अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल. एक गोष्ट आणखी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत पडली आहे. त्यानं मूळ दुखणं जात नाही. इंजिन कायम गार राहतं, झीज वाढते, डिझेल जास्त जळतं. तापण्याचं कारण शोधायला लावा.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा, व्हॉल्व्हचं सील किंवा टर्बो. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ आला तर चालेल. गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गास्केटची शंका घ्या.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या आहेत. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बहुतेक काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळं धूर दिसत नाही. मग सांगणारा कोण? डॅशबोर्डवरचा दिवा. साठलेली काजळी जाळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून तो तापत नाही. दिवा लागला तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गाडी रत्नागिरी-नागपूर महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगात थोडा वेळ चालवा. त्या वेळी सायलेन्सर फार तापतो, तेव्हा वाळल्या गवतावर, कडब्याजवळ गाडी उभी करू नका.

गाडी ओढत नाही, आता काय?

समजा, द्राक्षाचे क्रेट भरले आणि गाडी चढाला दम सोडते. गॅरेजात सांगितलं, "इंजिन खोलायला लागेल." तेव्हा शांतपणे विचारायचं, "दादा, खोलण्याआधी काय काय तपासलं?" स्वस्तातून महागाकडं जायचं, हा नियम.

आधी एअर फिल्टर. मग डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. मग टर्बोचे पाइप, चिरलेले असतील तर शिट्टीसारखा आवाज येतो, कडेला तेलकट काळं दिसतं. मग गाडीला कॉम्प्युटर लावून कोणता दोष नोंदला आहे ते बघायचं. मग नोझल बाहेर काढून टेस्टिंगला. आणि शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. ते आकडे कागदावर घ्यायचे. तीन सिलिंडर सारखे आणि एकच कमी असेल तर दुखणं त्या एकाचं आहे. चारही कमी असतील तेव्हाच पूर्ण कामाची गोष्ट करायची.

इंजिन खोलायचंच ठरलं तर अंदाज लेखी घ्या, जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा, बिल मागा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: "झिजलं कशानं?" धूळ गेली असेल आणि तो चिरलेला पाइप तसाच राहिला, तर नवे पिस्टनही तीच वाट धरतील. कारण न काढता केलेली दुरुस्ती म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. काम झाल्यावर पहिले काही दिवस गाडी हलक्या मालावर चालवा, आणि मेकॅनिक सांगेल त्या किलोमीटरला ऑइल बदला.

आता आपली वही

बचतीची वही आपल्याला नवी नाही. तशीच एक गाडीची करा. तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर, ऑइल किती घातलं, पाणी किती घातलं, ड्रायव्हरची तक्रार. पाच-सहा रकाने.

टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी परत फुल करा. समजा ३१२ किलोमीटर झाले आणि २६ लिटर बसलं, तर लिटरला १२ किलोमीटर. गाडी महिन्याला १५०० किलोमीटर फिरते असं धरू. १२ च्या सरासरीनं १२५ लिटर लागतं. तीच सरासरी १० वर आली तर १५० लिटर. महिन्याला २५ लिटर जास्त! आजच्या भावानं गुणून बघा. तेवढ्यात कितीतरी फिल्टर येतात. आणि सरासरी घसरली हे वहीत महिनाभर आधी दिसतं, रस्त्यावर गाडी बंद पडते ती नंतर.

दुसरं, किलोमीटरमागं एक रुपया गाडीच्या नावानं बाजूला टाका. १५०० किलोमीटरला १५०० रुपये, वर्षाला १८,०००. मोठं काम निघालं तर सावकाराच्या दारात जायला नको.

तिसरं, वजन. गाडीच्या कागदावर लिहिलं असेल तेवढाच माल. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल भरला की इंजिन तापतं, क्लच जळतो, ब्रेक लागत नाहीत. त्या गाडीत आपलाच माणूस बसलेला असतो.

चौथं, वेळ. द्राक्षाची काढणी सुरू होण्याआधी, डिसेंबरातच गाडी पूर्ण तपासून घ्या. हंगामात एक दिवस गाडी बंद म्हणजे तोडलेला माल उन्हात.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम सांगते. गटाच्या बैठकीला गाडी अंगणात लावायला सांगा. ड्रायव्हरलाही बोलवा, त्याच्यावर पाळत ठेवायची म्हणून नाही, त्याला जे माहीत आहे ते आपल्याला शिकायचं म्हणून. बॉनेट उघडा. एअर फिल्टर कुठं, ऑइलची पट्टी कुठं, पाणी सोडायची चावी कुठं, पट्टा कुठं, एकेकीनं हात लावून बघा. पदर खोचा, ओढणी बांधा, बांगड्या वर सारा, आणि हे सगळं इंजिन बंद आणि गार असताना. मग वहीचं पहिलं पान लिहा, आजची तारीख आणि आजचे किलोमीटर.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "तुम्हाला नाही कळायचं", तर वही समोर ठेवा. बोलायला फार लागणार नाही.